पऱ्हाटीचं तेल

बर्फाच्या भांड्यात बुडवलेल्या बाटलीतून तिने चमचाभर काळसर पाणी काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "वास घ्या ताई, पण लांबूनच." मी घेतला आणि पटकन बोलून गेले, "हे तर करवंटीचं तेल!"

ते करवंटीचं नव्हतं, कपाशीच्या पऱ्हाटीचं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, नायट्रोजनचे सिलिंडर आणि विजेच्या भट्ट्या यांच्या दाटीत, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेली ही हिंगणघाटची मुलगी सकाळपासून ते थेंबथेंब गोळा करत होती. पण वास तोच: धूर, डांबर, जरासा आंबूसपणा, नाकाच्या मुळाशी चावणारा. लहानपणी मानेवर नायटा उठला की आजी अंगणात खड्डा करायची. खड्ड्यात वाटी, वाटीवर बुडाला भोक पाडलेलं मडकं, मडक्यात करवंटीचे तुकडे, तोंड शेणामातीने लिंपलेलं आणि वरून गोवऱ्यांचा विस्तव. दुपार टळली की वाटीत बोटभर काळं तेल साठलेलं असायचं. वैद्य या मांडणीला पाताळयंत्र म्हणतात. आजीला ते नाव ठाऊक नव्हतं. "करवंट्या पेटता कामा नयेत, नुसत्या तापल्या पाहिजेत," एवढं मात्र ती खड्ड्याभोवती फिरणाऱ्या आम्हा पोरांना दरवेळी बजावायची.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी 'उरलेलं' असा ठरवला. कुणाच्या वाट्याला उरलेले कागद आले, कुणाच्या वाट्याला उरलेली माणसं. मला फोन आला तो असा: "शेतात जे उरतं त्याचं पेट्रोल होतं म्हणे. खरं आहे का, बघून या." मी बघायला निघाले ती मार्चमध्ये, आणि पहिल्यांदा गेले ते जिथे ते उरतं तिथे.

बांधावरचा ढीग

वणीच्या बाजूच्या त्या गावात कापूस घरात येऊन विकलाही गेला होता. शिवारात उभ्या होत्या त्या नुसत्या पऱ्हाट्या. कापूस वेचून झाल्यावर उरणारं हे झाड छातीएवढं उंच, अंगठ्याएवढं जाड, फांद्यांना रिकाम्या बोंडांच्या चार-चार पाकळ्या लटकलेल्या. एका हेक्टरमागे दोन-तीन टन तरी निघतं. दोघेजण चिमट्याने पऱ्हाट्या उपटत होते. चिमटा म्हणजे लांब लोखंडी दांड्याच्या टोकाला जबडा. बुंधा त्यात धरायचा, दांडा रेटायचा की झाड मुळासकट वर येतं. वाचायला सोपं वाटतं. मी चार झाडं उपटली आणि पाचव्याला चिमटा परत दिला.

"कृषीवाले म्हन्तात बांधावर ठेवू नका," शेताचे मालक सांगत होते. "गुलाबी अळी ऱ्हाते म्हन्तात त्यात. जाळू बी नका म्हन्तात. मंग काय डोक्यावर घेऊन फिरू का, सांगा ताई!"

अळीचं खरं आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत दडून उन्हाळा काढते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर उतरते. म्हणूनच फरदड, म्हणजे वेचणीनंतर लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, पऱ्हाट्या बारीक करून कुजवा असा सल्ला दिला जातो. पण श्रेडर फिरवायचा तर भाडं मोजावं लागतं, आणि काडी लागते एकच. काही पऱ्हाट्या चुलीत जातात; गॅसचं सिलिंडर घरात असलं तरी अंघोळीचं पाणी अजून त्यांच्यावरच तापतं. काही 'पांढरा कोळसा' करणाऱ्या कारखान्यात जातात. तिथे त्या भरडून, दाबून त्यांचे ठोकळे करतात आणि ते बॉयलरवाल्यांना विकतात. उरलेल्या बांधावर नाहीतर धुरात.

कारखान्यात सगळ्याच का जात नाहीत, ते रस्त्यावरच्या ट्रॉलीने सांगितलं. लांबून ती चालत्या डोंगरासारखी दिसत होती, दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर आलेली, मागचं वाहन अडवून धरणारी. काट्यावर भरली जेमतेम सव्वा टन. पऱ्हाटीत मधे हवाच फार. ती वीस-पंचवीस किलोमीटर वाहून न्यायची म्हणजे डिझेल जाळून हवा वाहायची. एवढी वाहतूक परवडायला टोकाला मिळणारी वस्तू ठोकळ्यापेक्षा महाग असायला हवी. तेलाची कल्पना इथेच मोह घालते: ढिगाचं तेल झालं तर तेवढीच किंमत एका पिंपात मावेल.

निघताना मालकांनी एक पोतं भरून दिलं. एसटीत कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट फाडलं आणि आत काय आहे ते दोनदा विचारलं. पऱ्हाट्या पुण्याला कशाला चालल्यात, हे त्याला काही केल्या पटेना.

पेटता कामा नये

प्रयोगशाळेत पोत्यातल्या पऱ्हाट्या आधी कुटल्या, मग दळून रव्याएवढ्या केल्या, मग रात्रभर भट्टीत वाळवल्या. दुसऱ्या दिवशी हा रवा स्टीलच्या उभ्या नळीत वरून थोडाथोडा सोडला. नळीभोवती भट्टी, आत ५०० अंश सेल्सिअस आणि हवेऐवजी नायट्रोजन. हवा असती तर रवा भुर्रकन पेटला असता. ती नसल्यामुळे त्याला नुसतं तुटावं लागतं. शास्त्रज्ञ याला पायरॉलिसिस म्हणतात. मराठीत कोळसा 'पाडतात' ते हेच. रायगडच्या भट्ट्यांवर मजुरीला जाणारी कातकरी कुटुंबं हे काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. फरक इतकाच की त्यांना हवा असतो तळाशी उरणारा कोळसा, आणि जो धूर ते आकाशात सोडतात तो हिला हवा असतो.

झाडाच्या काडीत मुख्य घटक तीन. धाग्यासारखा सेल्युलोज, त्याभोवतीचा ढिला हेमिसेल्युलोज, आणि दोघांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. तापत गेलं की आधी हेमिसेल्युलोज तुटतो, सव्वादोनशे ते तीनशे अंशांच्या आसपास. त्यातून व्हिनेगरमधलं आम्ल निघतं, आंबूस वास त्याचा. त्यानंतर चारशेपर्यंत सेल्युलोज. त्याची साखरेच्या कुळातली वाफ होते. लिग्निन मात्र चिवट, दोनशेच्या आतच सुरुवात करतं आणि नऊशेपर्यंत रेंगाळतं. डांबराचा आणि धुराचा वास त्याच्यातून येणाऱ्या फिनॉलवर्गीय रसायनांचा. नायट्यावर आजीचं तेल लागू पडायचं तेही यांच्यामुळेच.

सावकाश तापवलं तर कोळसा जास्त मिळतो, झटकन तापवून वाफ लगेच गार केली तर तेल जास्त. झटकन म्हणजे किती, तर वाफ त्या तापात दोन सेकंदांहून अधिक राहता कामा नये, नाहीतर तीच वाफ पुन्हा तुटून वायू होते किंवा आपसात चिकटून काजळी. हे नीट जमलं तर १०० किलो लाकडापासून ६०-७० किलोपर्यंत द्रव मिळतो. आकडा ऐकून मी हरखले. शंभरातले सत्तर! मग पेट्रोल पंप अडला कुठे?

"आता हे घ्या," म्हणत तिने लिटमसचा कागद पुढे केला.

कागद लालभडक झाला. या द्रवाचा पीएच दोन-तीनच्या दरम्यान, लिंबाच्या रसाच्या जवळ. वजनात १५ ते ३० टक्के पाणी, तेही असं मिसळलेलं की नुसतं ठेवून वेगळं होत नाही. साधं पोलाद खातो, डिझेलमध्ये मिसळत नाही, ठेवला तर महिन्यागणिक घट्ट होत जातो, आणि ऊर्ध्वपातन करायला तापवला तर निम्मा भांड्यातच डांबर होऊन बसतो. एका किलोत ऊर्जा १६ ते १९ मेगाज्यूल. डिझेलमध्ये बेचाळीसच्या पुढे. या द्रवाचा अनेक वर्षं तोट्याविना चाललेला एक उपयोग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सापडतो, आणि तो इंजिनात नाही, ताटात आहे. तिथे मांसाला धुराची चव आणणारा 'द्रव धूर' याच रीतीने बनतो.

ऑक्सिजनचं ओझं

वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ५० टक्के कार्बन, ६ टक्के हायड्रोजन आणि ४३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो. पेट्रोल-डिझेलमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. जळणं म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जाणं. लाकूड जन्मतःच अर्धंमुर्धं जोडलेलं, म्हणून त्याच्यात जळायचं कमी शिल्लक. काळ्या पाण्याचे बहुतेक अवगुण इथूनच येतात. आम्लपणा ऑक्सिजनमुळे, पाणी धरून ठेवणं ऑक्सिजनमुळे, डिझेलशी न जमणं आणि काळाबरोबर घट्ट होणंही त्याच्यामुळेच. तेव्हा पऱ्हाटीचं तेल करायचं म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन काढायचा.

तो तीन वाटांनी बाहेर पडू शकतो. हायड्रोजनला धरून पाणी होऊन, किंवा कार्बनला धरून कार्बन मोनॉक्साइड नाहीतर कार्बन डायऑक्साइड होऊन. पाण्याच्या वाटेने गेला तर हायड्रोजन जातो, आणि तो मुळातच सहा टक्के. कार्बनच्या वाटेने गेला तर ज्याचं इंधन करायचं तोच कार्बन कमी होतो. त्यातल्या त्यात कार्बन डायऑक्साइडची वाट बरी, कारण एका कार्बनच्या अणूबरोबर दोन ऑक्सिजन जातात. फुकट मात्र कुठलीच वाट नाही. कुठल्या वाटेने किती जायचं हे ठरवायला लागतो उत्प्रेरक: स्वतः न सरता रासायनिक क्रियेला विशिष्ट दिशेने रेटणारा पदार्थ. चुना, डोलोमाइट, अॅल्युमिनियमच्या कारखान्यातला लाल गाळ असे स्वस्त उत्प्रेरक वापरून पाहिले गेले आहेत आणि काही प्रमाणात ते आम्लपणा कमीही करतात. पण ज्याचं नाव प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकू येतं तो झिओलाइट. तो बघायला मी सिन्नरला गेले.

उकळणारा दगड

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीजवळचं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर वाट वाकडी करून पाहावं. आपल्या काळ्या कातळाच्या पोटात इतका रंग असेल असं वाटत नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाझरलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले: मोतिया झाकीचा स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट, गुलाबीसर ह्यूलॅंडाइट. जळगाव, नाशिक, पुणे, औरंगाबाद या भागांतल्या खाणींतून, विहिरींच्या खोदकामांतून निघालेले हे दगड जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीचा निळा कॅव्हॅन्साइट तर हौशी संग्राहकांना गावासकट पाठ असतो. सुरुंग लावून कातळ फोडला की पोकळी उघडते. तिथे जाणकार नजर नसेल तर स्फटिकांसकट दगड खडी क्रशरमध्ये जातो आणि आपण त्याच्यावरून गाडी चालवतो.

स्टिल्बाइट आणि त्याच्या भावंडांना झिओलाइट हे नाव स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये दिलं. फुंकणीच्या ज्योतीत धरल्यावर हा दगड फसफसला, जणू उकळला. ग्रीकमध्ये उकळणं आणि दगड हे दोन शब्द जोडून त्याने नाव पाडलं. उकळत होतं ते आतलं पाणी. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी, आरपार बोगदे असलेली. बोगद्यांत पाणी मुरलेलं असतं, तापवलं की निघून जातं आणि जाळी तशीच उभी राहते. पाणी गेलं की रिकाम्या बोगद्यात दुसरे रेणू शिरू शकतात, बसत असतील तर.

पऱ्हाटीच्या कामाला लागणारा झिओलाइट आपल्या कातळात मिळत नाही. त्याचं नाव झेडएसएम-५. अमेरिकेच्या मोबिल कंपनीच्या रॉबर्ट आर्गॉअर आणि जॉर्ज लॅंडोल्ट यांनी तो १९६० च्या दशकात बनवला, १९७२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. याच जातीचा नैसर्गिक दगड सापडला १९९७ मध्ये, तोही अंटार्क्टिकात. माणसाने दगड आधी केला आणि निसर्गात तो नंतर मिळाला, हा प्रकार मला फार आवडला. पुण्यालाही या विषयाचा जुना वारसा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या चमूने १९८० च्या दशकात या कुळातले 'एन्सिलाइट' उत्प्रेरक तयार केले आणि बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात ते झायलीन बनवायला वापरले गेले. 'एन्सिलाइट'मध्ये एनसीएल ही अक्षरं ऐकू येतात, ती मुद्दाम.

दिसायला झेडएसएम-५ पांढरी पूड, रांगोळीसारखी. त्याच्या बोगद्याचं तोंड अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित मोठं. केसाच्या जाडीत असे लाखभर बोगदे शेजारी-शेजारी मावतील. पऱ्हाटीच्या वाफेतले तुटके रेणू आत शिरतात. आतल्या भिंतीवर, जिथे जिथे अॅल्युमिनियमचा अणू आहे तिथे, आम्ल असतं. ते रेणूला धरतं, त्यातून पाणी आणि कार्बनचे ऑक्साइड सोडवून घेतं, उरलेले तुकडे एकमेकांना जोडतं. बाहेर पडायला वाट अरुंद, त्यामुळे जे त्या मापाचे तेच निघतात: बेंझीन, टोल्युइन, झायलीन. हे तिन्ही पेट्रोलमध्ये असतात. लाडूच्या साच्यातून लाडूच निघावा, तसं. मात्र साच्यात पीठ घालणारा हात इथे नाही. ५०० अंशांची वाफ सेकंदाच्या आत भिंतींना घासून पुढे जाते.

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या नळीचे दोन मजले आहेत. वरच्यात पऱ्हाटीचा रवा भाजला जातो, खालच्यात झिओलाइटचा थर, मधे काचेच्या लोकरीचा पडदा. त्या दिवशी तिने आधी खालचा मजला रिकामा ठेवून भाजलं होतं, ते काळं पाणी मी हुंगलं. दुपारी झिओलाइट भरून पुन्हा भाजलं. या वेळी बाटलीत दोन थर झाले. खाली पाणी, वर पिवळसर तपकिरी तेल, हलवलं तरी पुन्हा वेगळं होणारं. वास बदललेला: गॅरेजचा. आजीची पडवी त्यातून पुरती गेली होती.

काजळी

वरचा थर किती होता ते आता सांगते. रवा घातला होता त्याचा सातवा हिस्सासुद्धा नाही. साध्या भाजणीत शंभराला सत्तर मिळणारा द्रव झिओलाइटमधून जाताना आटतो. जगभरच्या प्रयोगांत तेलाचा थर बहुधा वीसच्या आसपास किंवा त्याखालीच राहिलेला आहे. बाकीचं पाणी झालं, वायू झाला, आणि बराचसा कार्बन झिओलाइटच्याच अंगावर बसला.

तिने नळी उघडून दाखवली. सकाळी रांगोळीसारखी होती ती पूड आता चुलीमागच्या भिंतीसारखी. बोगद्याच्या तोंडाशी रेणू एकमेकांना चिकटून कोक तयार होतो, तोंड बुजतं, मग आतली सगळी जाळी शाबूत असूनही निकामी. तेल शुद्धीकरण कारखान्यांना हे दुखणं नवीन नाही. तिथे उत्प्रेरक सतत दोन भांड्यांत फिरवतात. एकात तो काम करतो आणि काळा होतो, दुसऱ्यात हवा सोडून काजळी जाळतात आणि त्या जाळाची उष्णता पहिल्या भांड्याला पुरवतात. पण खनिज तेलात हायड्रोजन भरपूर, म्हणून काजळी बेताची. पऱ्हाटीत तो आधीच कमी, त्यातला पाण्याबरोबर जातो, आणि हायड्रोजनविना उरलेल्या कार्बनला काजळी होण्यावाचून गत नसते.

यावर उपाय म्हणजे बाहेरून हायड्रोजन देणं. अमेरिकेतल्या गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने शोधलेल्या एका पद्धतीत लाकूड दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये, उत्प्रेरकाच्या सोबतीनेच भाजतात आणि लागणारा हायड्रोजन तिथेच निघालेल्या हलक्या वायूंपासून बनवतात. शेल कंपनीने बंगळूरच्या आपल्या तंत्रज्ञान केंद्रात दिवसाला ५ टन कचरा घेणारा त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. तेल चांगलं निघतं. पण दाबाखालचा हायड्रोजन म्हणजे जाड पोलाद, सुरक्षेचे नियम, प्रशिक्षित माणसं. हे यंत्र तालुक्याच्या गावी, जिनिंगच्या शेजारी उभं राहील असं मला तरी वाटत नाही.

मिसिसिपीतला पाइन

मोठ्या प्रमाणावर हे करून बघणाऱ्यांत सगळ्यात गाजली, आणि मग वाजली, ती किऑर कंपनी. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कोलंबस गावी तिने दिवसाला ५०० टन पाइनचं लाकूड घेणारा कारखाना घातला. उत्प्रेरक फिरवायची रीत तेल शुद्धीकरणातलीच. राज्य सरकारने ७.५ कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, २०११ मध्ये शेअर बाजारात नाव लागलं, विनोद खोसलांसारख्या गुंतवणूकदाराचं पाठबळ होतं. कंपनी सांगत होती टनाला ६७ गॅलन, म्हणजे अडीचशे लिटर इंधन. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही तेल निघेना. लाकूड आत ढकलणारी यंत्रणा अडकायची, कारखाना चालण्यापेक्षा बंदच अधिक. २०१३ मध्ये पहिलं इंधन बाहेर पडलं, २०१४ च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं, नोव्हेंबरात दिवाळखोरी. पुढे उत्पादनाच्या आकड्यांबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा आरोप अमेरिकेच्या रोखे नियामकाने ठेवला.

याची गोष्ट सहसा फसवणुकीची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. प्रयोगशाळेतल्या नळीत रवा जातो, कारखान्यात झाड जातं: साल, माती, पाण्याचा अंश, गाठी. ग्रॅमभर झिओलाइट पाच वेळा जाळून पांढरा करता येतो. टनांनी फिरणारा झिओलाइट महिन्यामागून महिने तापत-वाफाळत राहिला की त्याचं आम्ल झिजतं. या दोन्ही गोष्टी कागदावर बसत नाहीत.

जे टिकले त्यांनी अपेक्षा छाटली. नेदरलॅंड्समध्ये हेंगेलो इथे २०१५ पासून ताशी ५ टन लाकडाचं तेल निघतं, उत्प्रेरकाविना, आणि ते सरळ एका दूध कारखान्याच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायूच्या जागी जाळलं गेलं. स्वीडनमध्ये एका लाकूडगिरणीच्या आवारात २०२१ मध्ये सुरू झालेला प्रकल्प भुशाचं काळं तेल शुद्धीकरण कारखान्याला देतो. तिथे खनिज तेलात थोडंथोडं मिसळून ते तिथल्याच उत्प्रेरकांवरून जातं. अमेरिकेतल्या ॲनेलोटेकने इंधनाचा नादच बाजूला ठेवून बेंझीन-झायलीनवर लक्ष दिलं, आणि २०२१ मध्ये जपानच्या सन्टोरीने लाकडाच्या झायलीनपासून केलेली पाण्याची बाटली दाखवली. गाडी चालवण्यापेक्षा बाटली विकण्यात त्या सातव्या हिश्शाला भाव जास्त.

आपल्याकडे सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के शेतकचरा मिसळायला सांगितलं आहे. चंद्रपूरच्या रस्त्यावर ते ठोकळे जाताना दिसतील. नुसतं जाळायचं तर तेच सोपं. तेलाची खरी गरज पडेल ती विमानांना, कारण बॅटरीवर मुंबई-लंडन उडता येत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ मध्ये १ टक्का, २०३० मध्ये ५ टक्के जैवइंधन असावं असं उद्दिष्ट ठरलेलं आहे. पऱ्हाटी त्या टक्क्यात येईल की नाही, हे ज्यावर अवलंबून आहे ते मला ऑगस्टमध्ये कळलं.

पालाश

झिओलाइटवरची काजळी जळते, हे तिने दाखवलं होतं: हवा सोडली, तासाभरात पूड पुन्हा पांढरी. पण पऱ्हाटीचा रवा झिओलाइटमध्ये कालवूनच भाजला तर पाचव्या-सहाव्या फेरीला पांढरी होऊनही ती पहिल्यासारखं काम करत नाही. "काजळी जाते, पालाश जात नाही," ती म्हणाली. पालाश म्हणजे पोटॅशियम. राखेतला हा क्षार झिओलाइटच्या आम्लाच्या जागांवर जाऊन बसतो आणि त्या कायमच्या मारतो. त्याआधीही तो भाजणीत लुडबुड करतो. सेल्युलोजची साखरेसारखी वाफ होऊ देत नाही, तिचे बारीक तुकडे, वायू आणि कोळसा करून टाकतो. तेल दोन्हीकडून कमी.

आणि हाच पालाश शेतकरी विकत घेतो. म्युरेट ऑफ पोटॅशची आपली सगळी गरज आयातीवर भागते. पोतं फोडून तो रानात पडतो, झाडाने उचलला की काही किलो टनामागे पऱ्हाटीत साठतो. ती रानाबाहेर गेली की पैसे देऊन आणलेला पालाश कारखान्यात उत्प्रेरक नासवायला जातो. नळीचे दोन मजले का आहेत, ते मला तेव्हा समजलं. वरच्या मजल्यावर भाजलं की पालाश बहुतेक सगळा कोळशात राहतो, खालच्या झिओलाइटपर्यंत वाफच जाते. तो कोळसा परत रानात टाकता येतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटाचा कोळसा रानातल्याच भट्टीत पाडण्याची पद्धत रुजवली, तिला २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिथे पाचट जागेवरून हलत नाही, कोळसाच तेवढा हलतो. सव्वा टनाच्या डोंगराएवढ्या ट्रॉलीला हे एक उत्तर आहे: भाजायची पहिली पायरी बांधावर, आणि कारखान्याला फक्त ते काळं तेल, आम्ल-बिम्ल असलं तरी पिंपात मावणारं. पण मग गार झालेलं तेल पुन्हा तापवून वाफ करावं लागतं, आणि तापवलं की निम्मं डांबर. या जागी येऊन गेली दोन वर्षं तिचं संशोधन अडलंय.

दुसरा उपाय पालाश आधीच धुऊन काढण्याचा. तो पाण्यात सहज विरघळतो. डेन्मार्कमधली वीज केंद्रं गव्हाचं काड घेतात तेव्हा पावसात भिजून करडं पडलेलं काड त्यांना पिवळ्या ताज्या काडापेक्षा बॉयलरला बरं वाटतं, कारण पावसाने क्षार रानातच उतरवून ठेवलेले असतात. मी वणीला फोन लावला. बांधावर ठेवलेला ढीग अजून आहे का?

"हाये न. अर्धा ढीग तसाच पडून हाये, पान्यात भिजून काळा पडला," मालक म्हणाले. मागून त्यांच्या घरच्यांचा आवाज आला आणि फोन त्यांच्या हातात गेला. त्यांना ढिगाशी नाही, राखेशी मतलब होता. "ताई, त्या भिजल्याल्या पऱ्हाटीची राख भांडे घासाले कामाची नाही. उन्हाळ्यातल्या पऱ्हाटीची राख हाताले चुरचुर करते, भांडं चकचक निघते. हिची राख नुसती माती."

मी हे जसंच्या तसं पुण्याला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. राखेने भांडी निघतात ती त्यातल्या पालाशच्या क्षारामुळे. तो नसेल तर राख चुरचुरणार कशी? तिच्या प्रयोगशाळेत पालाश मोजायचं यंत्र आहे, त्याला नमुना विरघळवायला एक दिवस आणि रांगेत आठवडा लागतो. "मोजल्याशिवाय मी मानणार नाही," ती म्हणाली. "पण पाठवा म्हणावं. घरात धुतलेल्या नाहीत, खरोखरच्या पावसात भिजलेल्या पाहिजेत."

पोतं ऑगस्टच्या शेवटी एसटीने आलं, उघडीप मिळाल्यावर आठ दिवस उन्हात घातलेलं. अळीचं काय, असं तिने विचारलं तेव्हा मालकांनी सांगितलं की बोंडं झाडून घेतली आहेत, आणि पुढच्या वर्षी ढीग ठेवणार नाहीत. श्रेडरवाल्याशी बोलणं झालंय. हा लेख लिहिते आहे तोवर त्या पऱ्हाट्या भाजून झालेल्या नाहीत. भट्टीची तार जळली आहे, नवी दिवाळीनंतर येईल. पोतं प्रयोगशाळेच्या दाराआड उभं आहे. त्याच्यावर तिने मार्करने नमुन्याचा क्रमांक घातलाय, आणि खाली, किती पाऊस झेलला ते लक्षात राहावं म्हणून, लिहून ठेवलंय: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, अर्धं पुष्य.